मोकळ्या फिरकीचं रीळ

शेठनं दोन्ही रिळं काचेवर शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाला, "बघा निवांत. घाई नाही."

घाई आम्हालाच होती. सहा तास एस.टी.त हाडं खिळखिळी करून आम्ही गळाच्या काठीला रीळ घ्यायला पुण्यात आलो होतो आणि चारच्या गाडीनं परत फिरायचं होतं. आम्ही म्हणजे मी आणि हिंगमिरे आप्पा. आप्पा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. माझं स्टँडसमोर सायकलचं दुकान. गळ टाकायला मला आप्पांनीच शिकवलं. कणीक किती सैल मळायची, पेंड कुठल्या घाण्याची आणायची, तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, बोटावर कसा धरायचा, सगळं त्यांचं. माझे वडील लवकर गेले. त्यामुळे रविवार सकाळ झाली की माझे पाय आपोआप आप्पांच्या दाराकडं वळायचे आणि काकू मला न विचारता पोहे वाढायच्या. ह्या गोष्टीला तेव्हा सोळा वर्षं झाली होती.

रीळ घ्यायचं कारण असं. आमच्या एरंडा तलावावर हौशी गळवाल्यांचं एक मंडळ आहे. राज्याच्या स्पर्धेला मंडळातून दोघं जाणार होते आणि त्यासाठी तीन चाचण्या ठरल्या होत्या. तिन्ही चाचण्यांतल्या माशांचं वजन मिळवायचं आणि वरचे दोघं पाठवायचे. दोन चाचण्या झाल्या होत्या. यासीन मुजावर टेलर इतका पुढं होता की त्याचं नाव नक्कीच होतं. दुसऱ्या जागेवर आप्पा. त्यांच्या मागं पावणेदोन किलोनं मी. म्हणजे आप्पा राहिले तर मी घरी आणि मी गेलो तर आप्पा घरी. हे दोघांनाही माहीत होतं आणि त्यावर आम्ही मोकळेपणी चेष्टाही करायचो. "शशी, तुझी बॅग भरू नको," असं आप्पा काकूंसमोर मला म्हणायचे.

आता चाचणीत दोन काठ्या चालायच्या. एक हातात आणि एक घोडीवर, म्हणजे काठावर रोवलेल्या टेकणावर. हातातल्या काठीचा तंगूस बोटावर धरता येतो, पण घोडीवरच्या काठीचं काय? दोन-तीन किलोचा सायप्रिनस मासा आमिष घेऊन एकदम पळाला तर काठीसकट तलावात. आमच्यातल्या दोघांच्या काठ्या अशाच गेल्या होत्या. त्याच्यावर उपाय म्हणजे मोकळ्या फिरकीचं रीळ. त्याला मागच्या बाजूला एक खिट्टी असते. ती पाडली की फिरकी मोकळी. मासा पळाला की तंगूस सुखानं सुटत जातो, काठी हलतसुद्धा नाही, फक्त आत टिकटिक वाजतं. वाजलं की आपण दांडा फिरवायचा, खिट्टी आपोआप वर बसते, फिरकी घट्ट होते आणि मासा आपला. सायकलच्या फ्रीव्हीलची पुतणीच म्हणा ना. म्हणून तर आप्पा मला घेऊन आले होते. फिरणाऱ्या वस्तूतलं तुला कळतं, तू सांगशील ते मी घेईन, असं त्यांनी गाडीतच जाहीर केलं होतं.

काचेवरचं एक रीळ मोठं होतं, नदीच्या धिप्पाड माशांसाठी केलेलं, हातात घेतलं की मनगटाला कळायचं. दुसरं लहान, आटोपशीर, मुठीत मावेल असं. आमची चाचणी पाच तासांची. दर दहा मिनिटांनी काठी काढायची, नवीन गोळा लावायचा, परत टाकायची. पाच तासांत जड रिळानं खांदा उतरून हातात येतो, आणि आप्पांचं वय त्रेसष्ट. आमच्या काठ्याही हलक्या होत्या. त्यांना मोठं रीळ म्हणजे लहान मुलीच्या सायकलला मोटारसायकलचं चाक. लहान रिळाची फिरकी उथळ होती, तिला तंगूस कमी लागायचा आणि फेक लांब जायची. दांड्याला जराही खेळ नव्हता. मी दोन्ही उघडून, फिरवून, उलटीपालटी करून पाहिली. लहान रीळ सरस होतं, त्यात शंका नाही. आजही कुणी विचारलं तर मी स्पर्धेसाठी तसलंच सांगेन.

शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. आप्पा माझ्याकडं पाठ करून भिंतीवरच्या काठ्या बघत उभे होते, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी मोठ्या रिळाची खिट्टी पाडली आणि तंगूस ओढला. कर्रकर्र आवाज झाला आणि आप्पांनी वळून पाहिलं. "मोठं दणक्यात वाजतं," म्हणाले आणि परत काठ्यांकडं वळले.

मग मी लहान रिळाची खिट्टी पाडली आणि तंगूस ओढला. त्याचा आवाज बारीक होता, पण स्वच्छ. टिकटिकटिक. पलीकडच्या गिऱ्हाइकानं मान वळवली. आप्पांनी नाही. मी परत ओढला. चांगला दोन वाव, म्हणजे दोनदा हात पसरून, ओढला. आप्पा काठीवरचं लेबल वाचत होते.

"काय ठरलं?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"हे लहान घ्या," मी म्हणालो. "हलकं आहे, फेक लांब जाईल, खांदा दुखणार नाही."

"तू घेणार आहेस तेच ना?"

"तेच."

आम्ही दोन लहान रिळं घेतली. परतीच्या गाडीत आप्पांनी आपलं रीळ खोक्यातून तीनदा काढून पाहिलं. लोणंदच्या पुढं त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, निवड झकास केलीस. मी खिडकीबाहेर बघत होतो.

आता मला काय कळलं होतं ते सांगतो. पूर्वीच्या रिळावर मासा लागला की काठी वाकायची, आणि ते डोळ्यांना दिसायचं. आप्पांचे डोळे घारीसारखे. मोकळ्या फिरकीत काठी वाकत नाही. सगळी भिस्त कानांवर. ज्या माणसाला ती टिकटिक ऐकू येत नाही त्याच्यासाठी ते रीळ म्हणजे नुसती शोभेची वस्तू. त्याच्यापेक्षा काठीला घुंगरू बांधलेलं बरं, पण स्पर्धेत घुंगराला बंदी होती. मोठ्या रिळानं आप्पांचा खांदा दुखला असता, पण त्यांना मासा कळला असता. हे सगळं मला दुकानात, काचेसमोर उभा असतानाच कळलं होतं. मी फक्त रिळाबद्दल खरं बोललो आणि आप्पांबद्दल गप्प राहिलो. त्या वेळी मला ह्यात फार काही वावगं वाटलं नाही. माणसानं आपल्या कानांचं आपण बघावं, मी काय त्यांचा डॉक्टर आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

तिसरी चाचणी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सात ते बारा होती. जागांच्या चिठ्ठ्या काढल्या. मला सहावी जागा लागली, आप्पांना सातवी. आठवी मोकळी होती, कारण तिथं काठ खचला होता. यासीन पहिल्या जागेवर, पार सांडव्याकडं. म्हणजे आप्पांच्या घोडीवरची काठी ऐकू येण्याच्या टप्प्यात एकटा मीच होतो.

आमच्या तलावाची एक रीत आहे. शेजाऱ्याची काठी चालली आणि त्याचं लक्ष नसलं, तर "चालली" म्हणून हाळी द्यायची. ही रीत मंडळाच्याही आधीची, धनगरांनी आणि भोयांनी पाडलेली. काठाला बसणाऱ्यांत भांडणं असतात, एकमेकांच्या जागेवरून वर्षवर्ष अबोला असतो, पण हाळी चुकत नाही. चाचणीतसुद्धा हाळीला मनाई नव्हती. नियमाच्या वहीत तिचा उल्लेखच नव्हता. ती कुणी देणार नाही, असं कुणाच्या मनातच आलं नसावं.

साडेआठच्या सुमारास आप्पांचं रीळ पहिल्यांदा वाजलं. आप्पा गोळे वळत होते. मी लगेच ओरडलो, "चालली, आप्पा!" आणि त्यांनी झडप घातली. पावणेदोन किलोचा सायप्रिनस. नऊ-सव्वानऊला परत वाजलं, परत मी ओरडलो, परत मासा. आप्पांनी मला हात केला. तुम्हाला वाटेल मी मोठा सज्जन. तसं काही नाही. तोपर्यंत माझ्या जाळीत आप्पांपेक्षा बराच जास्त माल पडला होता, त्या दिवशी माझा हातच चालला होता, आणि पुढं असताना चांगलं वागायला काही कष्ट पडत नाहीत.

अकरा वाजता मी मनात हिशेब केला. मंडळाचा माणूस आलेला मासा लगेच तोलून वजन ओरडून सांगायचा, त्यामुळे सगळ्यांना सगळं माहीत असायचं. एकूण बेरजेत आप्पा परत माझ्यापेक्षा अर्ध्या किलोनं पुढं गेले होते. अर्धा किलो म्हणजे एक बारका मृगळ. एक तास शिल्लक होता.

साडेअकरा झाले असतील. ऊन पाण्यावर असं आलं होतं की तंगूस दिसत नव्हता. आप्पा हातातल्या काठीवर बोट ठेवून, मान थोडी पुढं काढून बसले होते. घोडी त्यांच्या डाव्या अंगाला, माझ्या बाजूला. तिथून टिकटिक सुरू झाली.

आधी दोन-तीन टिचक्या, मग थांबली, मग सलग. मोठा मासा होता. बारका मासा थांबत थांबत नेतो, हा सरळ चालला होता. मी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, खोटं सांगत नाही. मग मी माझ्या काठीकडं पाहिलं. माझी काठी शांत होती, तिच्याकडं बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बघत राहिलो. टिकटिक चालूच होती. पाण्यात पंचवीस-तीस वाव पुढं जुन्या बाभळींची खोडं बुडालेली आहेत. मासा तिकडंच निघाला होता. मला वाटत होतं की आप्पा आता वळतील, आता वळतील. ते वळले असते तर मला बरं वाटलं असतं की वाईट, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. ते वळले नाहीत. मग टिकटिक थांबली.

पाच-सात मिनिटांनी त्यांनी सवयीनं घोडीवरची काठी काढायला हात घातला आणि त्यांच्या लक्षात आलं. फिरकीवर तंगूस जेमतेम उरला होता. त्यांनी ओढून पाहिलं, खोडात अडकला होता, आणि मग तुटला. आप्पा उभे राहिले. हातातलं रीळ त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. मासा गेल्याचा तो चेहरा नव्हता. मासे जातात, आप्पांचे हजार गेले असतील.

बाराला दहा कमी असताना मला सव्वा किलोचा मृगळ लागला. मला आनंद झाला. लाज नंतर वाटली, आधी आनंदच झाला, तो लपवून काय उपयोग.

वजनं जाहीर झाली. यासीन पहिला, मी दुसरा. लोकांनी पाठ थोपटली. सगळे चहाकडं वळल्यावर आप्पा मला बाजूला घेऊन गेले. खचलेल्या काठाजवळ आम्ही उभे राहिलो. त्यांनी रीळ काठीवरून काढून हातात धरलं होतं.

"शशी, एक विचारतो. खरं सांग," ते म्हणाले. "हे शेवटी वाजलं का रे?"

त्यांचा आवाज लहान झाला होता. मला वाटलं की त्यांनी मला पकडलं. वाजलं म्हणावं तर मी ऐकलं आणि हाळी दिली नाही, हे आलंच. सोळा-सतरा वर्षं ज्यांच्या घरचे पोहे खाल्ले त्यांच्यासमोर ते कबूल करायची माझी छाती नव्हती.

"नाही, आप्पा," मी म्हणालो. "सकाळी वाजत होतं. नंतर मला तरी काही ऐकू आलं नाही."

आप्पांनी डोळे मिटले. मग त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मी दचकलो. ते हसायला लागले. रागानं नव्हे, खरंच हसायला लागले.

"तुला पण नाही ना?" ते म्हणाले. "मग रीळच बिघडलं. सकाळी तुझी हाळीच आधी यायची, त्यामुळे काही कळत नव्हतं. अरे, मला वाटलं, माझे कान गेले. चार महिने मी हे कुणाला बोललो नाही. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दाराची कडी ऐकू येत नाही, तुझी काकू भांडते ते मात्र अर्धं ऐकू येतं. आता तिनं मिरजेच्या कानाच्या डॉक्टरची तारीख घेतली आहे, येत्या मंगळवारची. मी मनात ठरवलं होतं, आज रीळ ऐकू आलं तर जायचं नाही, नाही आलं तर मुकाट जायचं." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. निवड तुझी होती, पण एखादी वस्तू निघते खराब. तुझा काही दोष नाही."

चहाच्या तिथं त्यांनी सगळ्यांना तेच सांगितलं. रीळ मुकं निघालं, शशीचा दोष नाही. यासीन माझ्याकडं बघून म्हणाला की सायकलवाल्यानं सायकलीच बघाव्यात. सगळे हसले. मीही हसलो. निघताना आप्पांनी रीळ माझ्या हातात दिलं. तूच उघडून बघ, आत काय मोडलं आहे ते, संध्याकाळी घरी घेऊन ये, म्हणाले.

दुपारी दुकान बंद होतं. मी फळी लावून आत बसलो आणि रीळ उघडलं. आत एक बारकी दात्यांची चकती असते आणि तिच्यावर टेकलेली एक जिभली. फ्रीव्हीलमध्ये तिलाच आम्ही कुत्रं म्हणतो. फिरकी फिरली की ते दात्यांवरून उडत जातं आणि वाजतं. ते शाबूत होतं. स्प्रिंग शाबूत होती. सगळं कोरं करकरीत होतं. मी खिट्टी पाडून तंगूस ओढला. टिकटिकटिक. बंद दुकानात तो आवाज केवढा मोठा वाटला.

दोन वाटा होत्या. तसंच रीळ घेऊन जायचं आणि आप्पांना सांगायचं की हे वाजतं आहे, तेव्हाही वाजत होतं, मी ऐकलं होतं, तुम्ही मंगळवारी मिरजेला जा. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या. कदाचित दारातून हाकललं असतं. मंडळानं माझं नाव काढून त्यांचं घातलं असतं. ह्या सगळ्याची भीती होतीच, पण खरं सांगू का, सगळ्यात मोठी भीती अशी होती की ते काहीच बोलणार नाहीत.

मी बारीक कानस घेतली आणि त्या जिभलीचं टोक घासून टाकलं. पाच मिनिटांचं काम. परत सगळं बसवलं, ओढून पाहिलं. तंगूस लोण्यासारखा सुटला आणि आवाज काही झाला नाही.

संध्याकाळी गेलो तेव्हा काकू ओट्यापाशी होत्या. आप्पा वाटच बघत होते. मी रीळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं की आतली जिभली झिजली होती. आप्पांनी काकूंना हाक मारून बोलावलं, समोर उभं केलं, खिट्टी पाडली आणि तंगूस ओढत नेला, थेट दारापर्यंत.

"वाजतंय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी कान देऊन ऐकलं. "नाही," त्या म्हणाल्या.

"शशी, तुला?"

"नाही, आप्पा."

"मला पण नाही," आप्पा म्हणाले. लहान मुलासारखे खूश झाले होते ते. "तिघांना नाही. मग मिरजेला कशाला हेलपाटा?"

काकू माझ्याकडं बघून हसल्या. बरं झालं बाई तू उलगडा केलास, माझ्या जिवाला घोर लागला होता, असं म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या बशीत आणखी एक लाडू ठेवला. मी तो खाल्ला. गोड लागला नाही, पण खाल्ला.

राज्याच्या स्पर्धेत मी एकविसावा आलो. आप्पा मला स्टँडवर सोडायला आले होते आणि घ्यायलाही.

मिरजेला ते गेले ते पाच वर्षांनी, उजव्या कानाला काहीच ऐकू येईनासं झाल्यावर. तोपर्यंत डावाही बराच गेला होता. मी सोबत होतो. यंत्र लावून बघितलं, पण त्याचा म्हणावा तसा उपयोग होईना. सुरुवातीला का नाही आणलंत ह्यांना, तेव्हा काही करता आलं असतं, असं डॉक्टरांनी काकूंना विचारलं. काकू गोंधळल्या. तेव्हा आमच्या शशीनंच खात्री करून दिली होती की कान चांगले आहेत म्हणून, असं त्या भाबडेपणानं सांगत होत्या. आप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. कुणाचं काय चाललं आहे ते ऐकू येत नसल्यामुळे ते माझ्याकडं बघून हसत होते.